खिडकीची जागा

"खोली तीच का, अण्णा?"

फोनवर वैजूनं हे विचारलं तेव्हा मी त्याच खोलीच्या दारात उभा होतो.

"मग दुसरी कुठनं आणू?" मी म्हणालो. "दोन खोल्या आन् सैपाकघर. भायेरच्या खोलीत रस्त्याचा सगळा फुफाटा. बाळंतिणीला आतलीच खोली बरी."

"ते कळतंय मला. पण तो पलंग..."

त्या पलंगावर तिची आई आठ महिने पडून होती आणि त्याच पलंगावरनं आम्ही तिला उचललं. त्याला दोन वर्षं होत आली होती.

"परवा स्वप्नात आला," वैजू हळूच म्हणाली. "आई नव्हती स्वप्नात. नुसता पलंग. काळा. कपाट काळं, आरशाचं टेबल काळं. अण्णा, मला यायचंय हो. पण तिथं मी झोपणार कशी?"

"पलंगाचं मी बघतो," मी म्हणालो. "तू फकस्त ये."

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. वैजू माझी एकुलती एक मुलगी, सांगलीला दिलेली. तिला सातवा लागून आठवडा झाला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. पण माहेरात बाईमाणूस नसलं की त्या रीतीला कोण विचारतं? विहीणबाईंनी सरळ विचारलं होतं, "पाव्हणं, राग मानू नका, पर करणार कोण तुमच्याकडं?" त्यावर मी मालिशला आणि शेकायला हिराबाई ठरवली, डिंक, खारीक, अळीव, बाळंतशेपा आणून डबे भरले, दवाखान्यात नाव घातलं आणि हे सगळं त्यांना फोनवर यादी वाचावी तसं वाचून दाखवलं. बाई हसल्या. म्हणाल्या, "बरं बाबा, आणून सोडतो. डोहाळजेवण झालं की सातवा संपायच्या आत. आठवा लागला की गाव ओलांडायचं न्हाई."

तेव्हा माझ्याकडं बावीस दिवस होते आणि तीन काळी लाकडी धुडं.

मी एसटीतला पेंटर. एकतीस वर्षं दहिवडी डेपोत काढली. गाड्यांच्या पाट्या, सीटचे नंबर, 'स्त्रियांसाठी राखीव', 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' हे सगळं माझ्या हातचं. तुम्ही माण-खटावात एसटीनं फिरला असाल, तर माझ्या नंबरावर पाठ टेकून बसला असाल. गावात मला नावानं कोणी हाक मारत नाही. दुकानदार पेंटर म्हणतो, पोस्टमन पेंटर म्हणतो, माझी बायको सिंधूसुद्धा चारचौघांत पेंटरच म्हणायची. अशा माणसाला पलंग रंगवायचं म्हणजे काय अवघड? घोडं अडलं ते रंगापाशी.

रंगाच्या दुकानात दोशीशेठनी माझ्यापुढं नेहमीप्रमाणं लाल डबा ठेवला.

"लाल नको शेठ. मोतिया द्या."

"मोतिया?" शेठनी चष्मा वर केला. "पेंटर, तुम्ही जन्मात कधी मोतिया मागितला नाही."

"आन् अबोलीची लहान डबी. आन् पिस्ता."

"लग्नबिग्न करताय की काय?"

"लेक येतीय बाळंतपणाला. खोली जरा निवळ दिसली पायजे. डोळ्याला टोचता कामा नये."

शेठनी लाल डबा उचलून मागं ठेवला. मग म्हणाले, "मग पाण्यातला रंग घ्या की. नवीन निघालाय. तासाभरात वाळतो."

"पाण्यातला रंग शाळेतल्या पोरांना द्या," मी म्हणालो. "लाकडाला ऑइल पेंटच पायजे. तीन हात मारले की वीस वर्षं बघायचं काम नाही."

एकतीस वर्षांचा अनुभव बोलत होता. त्याला कोण अडवणार?

दुसऱ्या दिवशी पॉलिश पेपर घेऊन बसलो. सासऱ्यांनी लग्नात दिलेलं सामान, अस्सल सागवान. त्यावर कुणी हौशी सुतारानं इतकं गडद पॉलिश चढवलं होतं, की दिवसासुद्धा खोलीत दिवा लावावासा वाटे. आधी कपाट घासलं, मग आरशाचं टेबल, मग पलंग. घासताना काळं पीठ उडायचं आणि माझ्या भुवयांवर बसायचं. आरशात बघितलं की वाटायचं, हा कोण गिरणीतला माणूस आला? बोलायला कुणी नव्हतं, म्हणून मीच बोलायचो. "सर बाबा जरा," असं कपाटाला म्हणायचो. रेडिओवर बातम्या लागल्या की बातम्या सांगणाऱ्या बाईला उत्तरं द्यायचो. सिंधू गेल्यापासून घरात येणारं-जाणारं कुणी उरलं नव्हतं. बायका तिच्याकडं यायच्या, पुरुष मला डेपोत भेटायचे. ती गेली आणि मी रिटायर झालो, दोन्ही दारं एकदमच बंद झाली. दूधवाला उंबऱ्याबाहेरनं दूध घालायचा आणि पेपरवाला तर सायकलवरनं पेपर फेकायचा. डबा लावला होता, तो खिडकीच्या गजाला अडकवून जायचे.

पलंगाची डोक्याकडची फळी घासताना एक अडचण आली. एका कोपऱ्यात तेलाचा डाग होता. सिंधूच्या डोक्याचं तेल, वर्षानुवर्षं मुरलेलं. तेलावर प्रायमर धरत नाही, माशी बसल्यासारखा गोळा होतो. रॉकेलनं पुसलं, पुन्हा घासलं, तरी डाग हटेना. तेव्हा पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं, की डाग भलत्याच जागी आहे. तिच्या अर्ध्या पलंगाच्या मध्यावर असायला हवा, तर हा अगदी कडेला, खिडकीच्या चौकटीला टेकलेला. अर्ध्या पलंगाची मालकीण असून बाई पाव पलंगावर झोपत होती! मला हसू आलं. मी आडवातिडवा झोपणारा. म्हटलं, आपणच ढकलली असेल.

मग फळी उलटी केली आणि हातातला पेपर तसाच राहिला. भिंतीकडच्या बाजूला पांढऱ्या रंगात दोन आकडे होते. १ आणि २.

ते मीच काढलेले. लग्नाला आठ दिवस झाले असतील. पहिल्याच रात्री ती पलंगाच्या त्या कडेला जाऊन बसली होती आणि म्हणाली होती, "खिडकीची जागा माझी."

"रिझर्व्हेशन आहे का?" मी विचारलं.

"जन्मभराचं."

मी असा खूश झालो, की दुसऱ्या दिवशी डेपोतला नंबरांचा साचा घरी आणला आणि फळीच्या पाठीमागं जागा देऊन टाकल्या. एक नंबर माझा, दाराकडचा. दोन नंबर तिचा. ती पोट धरधरून हसली होती. तेव्हापासून ती खिडकीची मालकीण. आमच्या माणदेशी थंडीत, डिसेंबरात, बाई खिडकी सताड उघडी टाकून झोपायची. त्यावरनं दर हिवाळ्यात आमचं वाजायचं. मी म्हणायचो, "मारतीस का मला?" ती म्हणायची, "गोधडी घ्या की दुसरी." तिच्यामागं मी पहिली गोष्ट कुठली केली असेल, तर खिडकी लावून घेतली. आणि मग दोन वर्षं त्या बंद खोलीत मला झोप लागली नाही, तो भाग निराळा.

रंगाऱ्याचा एक धर्म असतो: जी बाजू दिसत नाही तिलाही रंग द्यायचा. मी बराच वेळ त्या आकड्यांसमोर बसलो. मग मनाशी म्हटलं, पोरीला आई दिसू नये म्हणूनच हा सगळा खटाटोप चाललाय, मग दोन नंबर ठेवून कसं चालेल? ब्रश फिरवला. पांढऱ्यावर मोतिया, एका हातातच आकडे गेले. रडलो म्हणालात तरी चालेल.

तिसऱ्या हातानंतर पलंग, कपाट, टेबल सायीसारखं मऊ दिसायला लागलं. खिडकी-दार मी घट्ट लावून ठेवायचो. आमच्याकडं वारा सुटला की ताटात माती येते, ओल्या रंगावर ती बसली की सगळा पृष्ठभाग खरखरीत. डेपोतही आम्ही शेडचं शटर ओढूनच काम करायचो. रात्री मी त्याच खोलीत खाली चटई टाकून झोपायचो, आपल्या कामाकडं बघत. बऱ्याच महिन्यांनी झोप लागू लागली होती.

आता राहिली फुलं. नुसता मोतिया म्हणजे दवाखाना वाटतो. सिंधूची एक रांगोळीची वही होती, त्यात एक जाईचा वेल होता. पाच पाकळ्या आणि दोन पानं, सोपा. साचा कापायला आमच्या धंद्यात एक्स-रेच्या फिल्मसारखी चीज नाही. पाणी लागत नाही, वळत नाही, ब्लेडनं लोण्यासारखी कापली जाते. डेपोत आम्ही दवाखान्यातनं जुन्या फिल्म मागून आणायचो. इथं मागायला जावंच लागलं नाही. कपाटाच्या माथ्यावर सिंधूच्या कागदांचं पाकीट होतं, त्यात तिच्या छातीचा फोटो होता. आजार किडनीचा निघाला. छाती अगदी स्वच्छ होती. फिल्म हातात घेतली, खिडकीकडं धरली. बरगड्या दिसल्या. मधे तिचं काळीज, पांढुरकं, डावीकडं झुकलेलं. कोपऱ्यात नाव आणि तारीख.

पुन्हा पाकिटात ठेवली. चहा करून प्यायलो. मग पुन्हा काढली आणि कापली. तिच्या वहीतला वेल, तिच्याच फोटोत. दुसऱ्या कुणाच्या फिल्ममधनं तो नीट उतरला नसता, असं मला त्या वेळी वाटलं, आणि आजही मला त्यात चूक वाटत नाही.

फडक्याचा बोळा करून मी पाच दिवस फुलं थापत होतो. पाकळ्या अबोली, पानं पिस्ता. पलंगाच्या फळीवर वेल, कपाटाच्या दारांवर वेल, टेबलाच्या खणांवर एकेक फूल. खण आतूनही रंगवले. तान्ह्याचे कपडे ठेवायचे, काळं लाकूड कशाला? तेलाच्या डागावर सगळ्यात दाट झुपका काढला. शेवटचा हात दिला तो मंगळवारी. खिडकी-दार लावलं, रंगाला निवांत वाळू दिलं. गुरुवारी त्यांची जीप आली.

जीप दारात थांबली तेव्हा मी भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात उभा होतो. ओवाळायला बाईमाणूस हवं. ते नव्हतं, म्हणून मीच. वैजू उतरली. अंगानं भरली होती, चेहऱ्यावर तेज आलं होतं, हातात हिरव्या बांगड्या. मी तिच्यावरनं तुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. सवय नव्हती, अर्धं पाणी जावईबापूंच्या बुटात गेलं. सगळे हसले.

"चल," मी म्हणालो. "खोली बघ."

दार मी मुद्दाम लावून ठेवलेलं. ढकललं आणि बाजूला झालो. मला तिचा चेहरा बघायचा होता. बावीस दिवस मी त्या चेहऱ्यासाठीच काम केलं होतं. आणि तो मला बघायला मिळाला, खोटं कशाला बोलू. तिचे डोळे मोठे झाले. ती दोन पावलं आत गेली, पलंगावरच्या वेलाला बोट लावलं.

"अण्णा... आईच्या वहीतला!"

"वळखलंस?"

"किती गोड झालंय हो!"

एवढं बोलली आणि तोंडाला पदर लावला. मला वाटलं, भरून आलं. ती वळली, माझ्या अंगावरनं जवळजवळ पळत मागच्या दारी गेली आणि धुण्याच्या दगडापाशी वाकली. भडाभडा ओकली. जावईबापू पाणी घेऊन धावले.

"गाडीनं झालं असंल," मी विहीणबाईंना म्हणालो. "घाट हाय मधे."

विहीणबाई खोलीच्या दारात उभ्या होत्या. नाकाला पदर होता. त्या माझ्याकडं अशा बघत होत्या, जसं काही मी त्यांची थट्टा करतोय.

"पाव्हणं," त्या म्हणाल्या, "रंग कवा दिलाय?"

"शेवटचा हात परवा. तसं बावीस दिवस चाललंय."

"आन् तुम्ही झोपता कुठं?"

"हितंच की."

त्या आत गेल्या, खिडकीची कडी काढली, दोन्ही दारं उघडून टाकली आणि डोळे पुसत बाहेर आल्या. "डोळ्यात बी चुरचुरतंय," म्हणाल्या. "गॅसच्या टाकीत शिरल्यावानी हाय. तुम्हाला कायच येत न्हाई?"

मी खोलीत जाऊन उभा राहिलो. जोरात श्वास घेतला. गार हवा नाकात गेली, बस्स. एकतीस वर्षं रंग, टर्पेंटाइन आणि थिनरच्या शेडमध्ये काढलेलं नाक. ते कधी मेलं, मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि त्या बावीस दिवसांत घरात दुसरं नाक आलं नव्हतं.

मग आम्ही काय काय केलं! जावईबापूंनी आणि मी पलंग उचलून परसात आणला. कपाट दारातनं निघेना. खोलीत कांदे कापून ठेवले, बादल्यांत पाणी ठेवलं, धूप घातला. वैजूला बाहेरच्या खोलीत निजवलं, तिथं तिला पुन्हा ओकारी आली. सैपाकघरात नेलं, तिथं डोकं धरून बसली. छोटंसं घर, वास जाणार कुठं? आणि ती शहाणी पोर मधून मधून म्हणत होती, "बरं वाटतंय आता. खरंच." विहीणबाई तिच्याकडं बघून मान हलवायच्या.

चार वाजता बाई माझ्यासमोर येऊन बसल्या. आवाज मऊ होता.

"पाव्हणं, तुम्ही जीव वतून केलंय. मला दिसतंय. पर हा वास पंधरा दिवस हटायचा न्हाई. पोटात लेकरू हाय."

"पंधरा दिवसांनी आणून सोडा मग," मी म्हणालो. "मी कपाट फोडून भायेर काढतो. भिंती धुतो."

"उद्यापास्नं आठवा लागतोय तिला."

आठव्यात गाव ओलांडायचं नाही, आणि नवव्यात शंभर-सव्वाशे किलोमीटर जीपमधनं कोण आणणार? आज ती गेली, की हे बाळंतपण माझ्या घरातनं गेलं. शेगडी, डिंक, हिराबाई, सगळं गेलं. मला लाज नको वाटायला सांगताना: मला त्या बाळापेक्षासुद्धा घरात तीन महिने कुणीतरी खोकेल, हाक मारेल, चहा मागेल याचीच आस होती.

"न्या," मी म्हणालो.

विहीणबाई सामान आवरायला लागल्या. मी मागच्या दारी गेलो. वैजू धुण्याच्या दगडावर बसली होती. शेजारी परसात पलंग, उन्हात मोत्यासारखा चमकत होता. मी तिच्यापासून चार हात लांब उभा राहिलो, आता माझ्या कपड्यांचाही भरवसा वाटेना.

"तुझी आई असती तर तिनं सांगितलं असतं बघ," मी म्हणालो. "पहिल्या दिवशीच वरडली असती. मला खरंच काय येत न्हाई गं वास."

वैजूनं माझ्याकडं बघितलं. सांगावं की नाही, असं तिचं चाललेलं मला दिसलं.

"ती नसती ओरडली," ती म्हणाली.

"का?"

"एवढी वर्षं कधी ओरडली?"

मला समजेना. ती दगडावर बोटानं रेघा ओढत बोलत राहिली.

"तुमचे कपडे ती वेगळ्या दोरीवर का घालायची, अण्णा? तिकडं, पार बांधाजवळ?"

"तिथं ऊन असतं."

"ऊन इथंही असतं." ती थांबली. "तुम्ही घरी आलात, आंघोळ केलीत, तरी वास यायचा. केसांतनं यायचा, घामातनं यायचा. रात्री जास्त. आईला मळमळायचं. माझ्या वेळी दिवस होते तेव्हा तर ती रात्रभर बसून असायची म्हणे, खिडकीला तोंड लावून."

बांधावरची दोरी वाऱ्यानं हलत होती. तिच्यावर काही नव्हतं.

"तिला खिडकीची जागा आवडायची," मी म्हणालो. स्वतःचा आवाज मला ऐकू आला आणि तो कुणा वेड्याचा वाटला.

"अण्णा, ती थंडीनं काकडायची. मी बघितलंय."

"मग बोलली का न्हाई?"

"मी विचारलं होतं एकदा. म्हणाली, त्या वासावर घर चाललंय. त्यांना सांगून काय करू? नोकरी सोडतील होय? नुसते मनाला लावून घेतील आणि बाहेरच्या खोलीत जाऊन झोपतील." वैजूनं डोळे पुसले. "म्हणाली, तसलं मला नको."

जीपचा हॉर्न वाजला. मी तिला उठायला हात दिला नाही. तिनंच माझा हात धरला आणि उठली. पलंगापाशी रंगाचे डबे होते, त्यावर कापलेली फिल्म पडली होती, अबोलीचे ठिपके लागलेली. तिनं ती उचलली, उन्हाकडं धरली. जाईच्या पाकळ्यांतनं आभाळ दिसत होतं आणि भोवती बरगड्या.

"हा आईचा फोटो?"

"हो. चुकलो का?"

तिनं फिल्म पदराखाली घेतली आणि म्हणाली, "ही मी नेते."

मुलगा झाला, सांगलीला. बारशाला गेलो तेव्हा नवे कपडे घेतले, सकाळी दोनदा आंघोळ केली, शिकेकाई घासली. तरी एसटीत ओळखीच्या कंडक्टरला जवळ बोलावून विचारलं, "माझ्या अंगाला रंगाचा वास येतोय का बघ रे." तो म्हणाला, "पेंटर, रिटायर झालाय तुम्ही आता." पाळण्याच्या फळीवर जाईची फुलं होती, अबोली. वैजूनं काढली होती, पाण्यातल्या रंगानं. बाळ माझ्या मांडीवर द्यायला लागले, तर मी म्हटलं, "राहू द्या, लांबनंच बघतो." वैजूनं ऐकलं नाही. दिलंच.

पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी जीप गेल्यावर मी एकट्यानं पलंग ओढत ओढत आत नेला. पाय घासून दोन ठिकाणी मोतिया उडाला. फळी भिंतीला लावली. हिराबाईला आता नको म्हणून निरोप पाठवायचा होता, तोही न पाठवता बसून राहिलो. अंधारून आलं, वारा सुटला, उघड्या खिडकीतनं धूळ येऊन सगळ्या फुलांवर बसायला लागली. मी उठलो ते खिडकी लावायला.

कडीला हात लावला आणि काढून घेतला.

मग मी पलंगावर चढलो आणि दोन नंबरवर जाऊन आडवा झालो. सगळ्या आयुष्यात त्या जागेवर कधी झोपलो नव्हतो. तिच्यासारखा अगदी कडेला सरकलो, डोकं चौकटीला टेकेपर्यंत. तेलाच्या डागावरची फुलं माझ्या टाळूपाशी आली. तिनं इतकी वर्षं काय सोसलं, ते एकदा तरी कळावं म्हणून मी माझीच बाही नाकाशी धरली आणि छाती भरून श्वास घेतला. पुन्हा घेतला. पलंगाच्या फळीला नाक लावून घेतला, उशीत घेतला.

कशाचाच वास आला नाही. थंडी तेवढी वाजत राहिली.